तालुक्यातल्या तरुण मुलामुलींचं आरोग्य मोजायचं कसं? खान्देशात सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

शाळेत शिबिर भरतं, रक्त तपासलं जातं, वजनं होतात, आणि आठवड्याभरात अहवालात वाक्य येतं: "तालुक्यातील इतके टक्के किशोरवयीन मुलींना रक्तक्षय." हे वाक्य चुकीचं असतं. ते टक्के तालुक्यातल्या मुलींचे नसतात. त्या दिवशी शाळेत आलेल्या, पालकांची सही आणलेल्या आणि सुईला न घाबरलेल्या मुलींचे असतात. कापूस वेचायला गेलेली, दहावीनंतर घरी बसलेली, सतराव्या वर्षी लग्न होऊन साक्रीहून शिरपूरला गेलेली किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत असलेली मुलगी त्या हिशेबात कुठेच नाही. आणि हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता तिचीच जास्त.

टक्केवारी काढताना वरचा आकडा, म्हणजे अंश, सगळे मन लावून मोजतात. खालचा छेद मात्र जो हाती लागेल तो घेतात. पुढचे सगळे टप्पे छेद नीट धरून ठेवण्यासाठी आहेत. हा लेख एक तालुका किंवा तालुक्याचा भाग मोजणाऱ्यांसाठी आहे: राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं, समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर.

## टप्पा १ : काय मोजायचं ते आधी कागदावर

'आरोग्याची स्थिती' असं मोघम लिहून गावात उतरू नका. आधी वय ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत १० ते १९ हे किशोरवय, १५ ते २४ हे युवावय आणि दोन्ही मिळून १० ते २४ हे तरुण. आपला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ धरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांना १५ व्या वर्षापासून मोजतं, त्यामुळे १० ते १४ च्या मुलींचं हिमोग्लोबिन तिथे शोधून सापडणार नाही. मी १०–१४, १५–१९ आणि २०–२४ असे तीन गट करायला सांगतो. म्हणजे पुढे कोणाशीही तुलना करता येते.

मग मोजमापं निवडा. सहा-सात पुरेत: उंची-वजन, हिमोग्लोबिन, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार (आदिवासी भाग असेल तर अनिवार्य), मागच्या १५ दिवसांतलं आजारपण, तंबाखू आणि दारू, मनाची अवस्था, आणि गेल्या काही वर्षांतले मृत्यू. दात, डोळे, कान, त्वचा, मासिक पाळी, आहार, व्यायाम, मोबाईल असं सगळं एकाच प्रश्नावलीत कोंबलं की तासाभरानंतर उत्तर देणारा "हो, हो" म्हणत सुटतो.

तपासा: प्रत्येक मोजमापासमोर "हा आकडा आला की कोण काय करणार?" हे लिहा. रकाना रिकामा राहिला तर ते मोजमाप काढून टाका.

## टप्पा २ : गावात 'राहणारा' म्हणजे कोण

खान्देशात सर्वेक्षण इथेच घसरतं, म्हणून या टप्प्यावर जास्त वेळ घालवा.

"मागचे सलग सहा महिने किंवा जास्त गावात राहणारा तो रहिवासी" असा नियम लोक डोळे झाकून लावतात. धडगाव, अक्कलकुवा, साक्री किंवा चाळीसगावच्या ऊसतोड कुटुंबांना तो लावून बघा. दिवाळीच्या आगेमागे गेलेली टोळी चैत्रात परतते. सहा महिन्यांचा नियम लावला की तिथली पोरं गावातून गळतात. कारखान्याच्या फडावर तर त्यांना कोणी मोजतच नाही. ज्यांची तब्येत मोजायला आपण निघालो, तीच यादीबाहेर.

त्यापेक्षा असा नियम करा: ज्या घराची चूल गावात आहे आणि जे घर पावसाळ्यात गावात असतं, त्या घरातली १० ते २४ वयाची प्रत्येक व्यक्ती यादीत. ती आज कुठेही असो. बाहेर असेल तर 'स्थलांतरित' असा शेरा मारा, पण नाव कापू नका.

दुसरा घोळ आश्रमशाळांचा. सातपुड्यातली कितीतरी मुलं वर्षाचा बराचसा काळ निवासी शाळेत असतात, काही वेळा दुसऱ्याच तालुक्यात. घरी विचारलं की आई नाव सांगते आणि शाळेत गेलं की तेच मूल तिथेही भेटतं. आश्रमशाळा आणि वसतिगृहं हा वेगळा गट धरा. घरयादीत अशा मुलासमोर 'निवासी' लिहा आणि त्याचं मोजमाप फक्त शाळेत करा.

तिसरा प्रश्न लग्न झालेल्या मुलींचा. सासरी गेलेली मुलगी सासरच्या गावात मोजायची, माहेरच्या नाही. हे सोपं वाटतं, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कोणत्याही गावात जाऊन बघा. निम्म्या घरांत लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, आणि यादी करणारा खुशाल सगळ्यांची नावं लिहितोय. त्याच आठवड्यात सासरच्या गावी यादी करणाऱ्याला घरात सून दिसत नाही.

सावध: सुनेचं वय विचारलं की "अठरा पूर्ण" हे उत्तर तयार असतं. हुज्जत घालू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. वय काढायची रीत टप्पा ६ मध्ये आहे.

तपासा: यादी झाली की १५–१९ वयाच्या मुली आणि मुलगे मोजा. मुली लक्षणीय कमी भरल्या तर लहान वयाच्या सुना लपल्या आहेत किंवा त्यांचं वय वाढवून सांगितलं आहे.

## टप्पा ३ : केव्हा जायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. रक्ततपासणीच्या पट्ट्या आणि यंत्रं तेवढी गरमी सहन करत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यातल्या पाड्यांचे रस्ते बंद पडतात. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी, मग टोळ्या निघतात. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, आदिवासी भागात माणसं परततात, पण तेव्हा कोणी तुमच्यासाठी घरी बसणार नाही, आणि बसू नये.

सपाटीवर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर आणि डोंगरात सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध ही त्यातल्या त्यात बरी वेळ. लोक घरी असतात, शाळा चालू असतात. पावसाळ्यानंतर मलेरिया आणि इतर ताप वाढलेले असतात हे मात्र अहवालात लिहावं लागेल. दुसरी फेरी करायची तर त्याच हंगामात करा. सप्टेंबरचं वजन आणि एप्रिलचं वजन यांची तुलना करून "सुधारणा झाली" म्हणण्यात अर्थ नाही.

आठवडे बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतात.

## टप्पा ४ : नमुना

सगळा तालुका मोजता येत नाही, म्हणून नमुना. किती माणसं लागतील याचा हिशेब असा. प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरायचं. उत्तर पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर ३८५ माणसं लागतात. पण आपण गावागावांतून झुबक्याने माणसं घेणार आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट करा: ५७८. दहातला एक भेटणार नाही असं धरलं तर ६४२. हा एका गटाचा आकडा आहे. मुली आणि मुलगे यांचं वेगवेगळं उत्तर हवं असेल तर प्रत्येकी ६४२. हे ऐकून बरीच पथकं मुलींपुरतंच सर्वेक्षण करायचं ठरवतात. त्यात गैर काही नाही, फक्त शीर्षकात तसं लिहा.

गावं निवडण्याची रीत:

1. तालुक्यातल्या सर्व गावांची लोकसंख्येसह यादी करा आणि प्रत्येक गावापुढे आतापर्यंतची बेरीज मांडत चला.
2. एकूण बेरजेला ३० ने भागा. समजा एकूण १,८०,००० आहे, तर ६,००० हा टप्पा.
3. १ ते ६,००० मधली एक संख्या चिठ्ठीने काढा. समजा २,३५० आली.
4. २,३५०, ८,३५०, १४,३५० असं पुढे जात राहा. ती संख्या ज्या गावाच्या बेरजेत पडेल ते गाव निवडलं गेलं. मोठं गाव दोनदाही येऊ शकतं, येऊ द्या.
5. प्रत्येक निवडीत २२ जण. तीस गुणिले बावीस म्हणजे ६६०.

सावध: महसुली गावांच्या यादीत पाडे दिसत नाहीत. अक्राणीत (धडगाव तालुक्यात) एका गावाचे सात-आठ पाडे डोंगरभर पसरलेले असतात आणि पथक रस्त्यालगतच्या पाड्यात काम उरकून परत येतं. आशाताई आणि अंगणवाडीताईंकडून पाड्यांची यादी घ्या, पाड्यांच्या चिठ्ठ्या टाका, आणि जो निघेल तिथे जा. चालत जावं लागलं तरी.

गावात पोहोचल्यावर "चौकातून सुरू करू" हे करू नका. चौकाजवळची घरं बहुधा पक्की आणि बरी असतात. गावाचे शंभर-शंभर घरांचे तुकडे पाडून एक तुकडा चिठ्ठीने निवडा, त्यातली सगळी घरं लिहा, आणि घरयादीतल्या पात्र नावांतून ठरावीक अंतराने २२ नावं उचला. सरपंच म्हणतील, "मी तुम्हाला चांगली पोरं बोलावून देतो." आभार माना आणि यादीतल्या नावांकडेच जा.

निवडलेलं घर बंद म्हणून शेजारच्या घरातलं कोणी घेणं ही सगळ्यात सर्रास चूक. निवडलेलं नाव बदलायचं नाही. तीन खेपा करा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर. तरीही नाही भेटलं तर 'भेटले नाही' ही नोंद हाच त्याचा डेटा.

## टप्पा ५ : परवानग्या आणि संमती

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, ग्रामपंचायत, आणि आश्रमशाळा असतील तर आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय (खान्देशात नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल) यांची लेखी परवानगी घ्या. पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) ग्रामसभेपुढे विषय मांडा. रक्त घेणार आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी हवीच. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या समाजवैद्यक विभागाला सुरुवातीपासून सोबत घ्या.

१८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा असतो. आईने हो म्हटलं आणि पोराने मान हलवून नकार दिला, तर तो नकारच.

सावध: १८ खालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. असे प्रश्न विचारायचे की नाहीत, आणि माहिती समोर आली तर कोण काय करणार, हे गावात जाण्याआधी समितीसोबत लेखी ठरवा. "कोणालाही काहीही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही.

## टप्पा ६ : वय पक्कं करणं

शाळेच्या दाखल्यांची चळत हातात घ्या आणि जन्मतारखा वाचा. १ जून, १ जून, १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी घातलेल्या या तारखा. आधारवर १ जानेवारीचं पीक. वाढत्या वयात महिन्यामहिन्याने मापदंड बदलतो. वय वर्षभराने चुकलं की धडधाकट पोर कुपोषितात जातं किंवा उलट होतं.

क्रम असा ठेवा: जन्मदाखला, मग माता-बाल संरक्षण कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड, मग आशाताई-अंगणवाडीताईंची नोंदवही, आणि शेवटी शाळेचा दाखला. काहीच नसेल तर सणांवरून विचारा. "आखाजीच्या आधी की नंतर? पोळ्याला पोटात होता की मांडीवर? कानबाईच्या वेळी किती महिन्यांचा?" वर्ष काढायला मोठ्या घटनांचा आधार घ्या: नोटाबंदीच्या (नोव्हेंबर २०१६) वेळी पहिलीत होता का, टाळेबंदी (मार्च २०२०) लागली तेव्हा कितवीत होता. सुनेच्या बाबतीत वय थेट विचारू नका. कितवीत शाळा सुटली, त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या, लग्न कोणत्या साली झालं, असं विचारत वय बांधा.

तपासा: वयांची वारंवारता मांडा. १०, १२, १५, १८, २० वर माणसांची गर्दी आणि ११, १७, १९ ओस असेल तर वय विचारलेलं नाही, अंदाजाने लिहिलं आहे. तिथेच थांबा आणि पथकाला परत शिकवा.

## टप्पा ७ : उंची आणि वजन

उंचीसाठी लाकडी किंवा धातूचा उभा मापक वापरा. भिंतीवर चिकटवलेली टेप नको. मातीच्या भिंती सरळ नसतात. पादत्राणं काढा, अंबाडा आणि क्लिप सोडा, टाचा-नितंब-पाठ मापकाला टेकलेली, नजर समोर. ०.१ सेंमीपर्यंत वाचा. वजनकाटा कडक, सपाट जागी ठेवा (शेणाने सारवलेल्या जमिनीवर खाली फळी घाला) आणि रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा. खिशातला मोबाईल, कमरेचा चांदीचा करदोडा, पायातली कडी. आदिवासी दागिन्यांचं वजन कमी समजू नका.

१० ते १९ साठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे वयानुसार बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) तक्ते वापरा. त्यातले आकडे झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या मध्यापासून किती दूर ते सांगणारे: उणे २ च्या खाली कृश, उणे ३ च्या खाली तीव्र कृश, अधिक १ च्या वर जास्त वजन, अधिक २ च्या वर स्थूल. ॲन्थ्रो प्लस हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशेब करून देतं. १९ च्या पुढे प्रौढांची मर्यादा: बीएमआय १८.५ च्या खाली कमी वजन. बारा वर्षांच्या मुलीला १८.५ चा नियम लावून 'कुपोषित' ठरवलेले अहवाल मी इतके पाहिले आहेत की आता आधी तेच पान उघडतो.

पथक तयार आहे का हे पाहण्यासाठी दहा मुलं घ्या आणि प्रत्येक मोजणाऱ्याला ती दोनदा मोजायला लावा, पहिला आकडा झाकून. दोन उंचींत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक वारंवार येत असेल तर तो माणूस अजून गावात पाठवू नका.

तपासा: रोज संध्याकाळी उंचीचा शेवटचा अंक मोजा. दहा अंक सारखे आले पाहिजेत, म्हणजे ० आणि ५ मिळून साधारण पाचातला एक. निम्म्या उंची ० किंवा ५ वर संपत असतील तर कोणीतरी डोळ्यांनी गोळाबेरीज करतंय.

## टप्पा ८ : रक्त

कोणत्या पद्धतीने मोजलं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. याचं मोठं उदाहरण देशपातळीवरच आहे. २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं गेलं आणि १० ते १९ वयाच्या सुमारे ४० टक्के मुली रक्तक्षयग्रस्त निघाल्या. २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातून थेंब घेतला गेला आणि १५ ते १९ च्या मुलींचा आकडा ५९ टक्के आला. वयोगट वेगळा, पद्धत वेगळी. या दोन आकड्यांमध्ये रेघ ओढून "रक्तक्षय वाढला" म्हणणं घाईचं आहे. तुमचा आकडा यापैकी कशाशेजारी ठेवायचा ते पद्धतीवरून ठरवा.

शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत नेणं जमत असेल तर तेच करा. बोटातून घेणार असाल तर हा क्रम मोडू नका:

1. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा. गार हातातून थेंब येत नाही आणि मग लोक बोट पिळतात.
2. मधल्या किंवा अनामिकेच्या पेराच्या बाजूला टोचा, मधोमध नाही.
3. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसा.
4. बोट पिळू नका. पिळल्याने पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी येतं.
5. पट्टी एका दमात भरा. बुडबुडा दिसला तर टाकून द्या.
6. वापरलेली सुई लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

पट्ट्यांच्या डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते. ती वाचा आणि पाळा. दुपारी बंद जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेला डबा वाया गेला म्हणूनच समजा. नियंत्रण द्रावणाने यंत्र रोज तपासा. साहलीच्या नळीत रंग जुळवून हिमोग्लोबिन काढायची पद्धत सर्वेक्षणाला वापरू नका. ते आकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरतात.

रक्तक्षयाची मर्यादा (ग्रॅम प्रति डेसिलिटर): १० व ११ वर्षांना ११.५ च्या खाली. १२ ते १४ ला १२ च्या खाली. १५ पासून पुढे मुलींना १२ आणि मुलग्यांना १३ च्या खाली. गरोदर असेल तर निकष वेगळे, म्हणून तो प्रश्न एकांतात विचारा, लग्न झालेल्यांना तरी नक्की. तिन्ही गटांत ८ च्या खाली तीव्र. असं मूल सापडलं तर मोजमाप थांबवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवा. तोरणमाळचं पठार हजार मीटरच्या वर आहे. अशा उंचीवर हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, त्यामुळे दुरुस्ती न करता रक्तक्षय कमी दिसतो. कोणता दुरुस्ती-तक्ता वापरला ते लिहा.

सिकलसेल. भिल्ल आणि पावरा समाजात, विशेषतः नंदुरबारमध्ये, हा विषय टाळून रक्तक्षयाबद्दल काही बोलता येत नाही. विद्राव्यता चाचणी फक्त 'आहे-नाही' सांगते. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांशिवाय कळत नाही. पहिल्या चाचणीवरून कोणालाही 'सिकलसेलचा पेशंट' म्हणू नका. ज्यांचं सिकलसेलचं कार्ड आधीच झालं आहे त्यांची नोंद कार्डावरून घ्या. एसएस रुग्णाला डॉक्टरांना न विचारता लोहगोळ्या देऊ नका. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्यालाच. पाड्यावर हा निकाल फुटला तर मुलीचं लग्न अडतं, आणि पुढच्या पाड्यात कोणी हात पुढे करत नाही.

१० ते १९ वयाच्या प्रत्येकाला दर आठवड्याची निळी लोहगोळी (६० मिग्रॅ लोह) मिळते का आणि गेल्या चार आठवड्यांत किती पोटात गेल्या, हेही विचारा. "वाटल्या" आणि "खाल्ल्या" हे दोन वेगळे रकाने.

## टप्पा ९ : विचारायच्या गोष्टी

प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवू नका. अहिराणी घरात "तुले चक्कर येस का?" असं विचारलं की उत्तर येतं. "आपणांस भोवळ येते काय?" विचारलं की सगळे आईकडे बघतात. पावरी, भिलोरी, मावची भागात तीच बोली बोलणारे तरुण पथकात घ्या, वेळेवर दुभाषा शोधू नका. प्रश्न बोलीत उतरवा, दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत आणवून घ्या आणि अर्थ तोच राहिला का ते पाहा.

आजारपणासाठी "मागच्या १५ दिवसांत" आणि दवाखान्यात भरती होण्यासाठी "मागच्या वर्षभरात" असं विचारा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही हीच मुदत असते.

तंबाखूबद्दल "व्यसन आहे का?" विचारलं तर कोणीच व्यसनी निघत नाही. बिडी, पुडी, मावा, मशेरी, सुगंधी सुपारी ही नावं एकेक घेऊन "मागच्या ३० दिवसांत एकदा तरी?" असं विचारा, तेही वडीलधारी माणसं ऐकत नसताना. लिहिता-वाचता येणाऱ्याला कागद हातात देऊन पेटीत टाकायला सांगितलं तर उत्तरं आणखी खरी येतात. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले होते. पण ते १३ ते १५ वयाचे, शाळेत जाणारे. तुमच्या २२ वर्षांच्या ट्रॅक्टरचालकाशी त्या आकड्याची तुलना नाही.

मनाच्या अवस्थेसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. ती चाळणी आहे, निदान नाही. त्यामुळे अहवालात 'नैराश्यग्रस्त' न लिहिता 'चाळणीत लक्षणं आढळलेले' लिहा. "कशामाच मन लागत नही का?" हे कोणी विचारेपर्यंत कोणी सांगत नाही, हेही तितकंच खरं.

सावध: नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याबद्दल आहे. त्याला होकार आला तर फॉर्म पुरा करून पुढच्या घरी जाऊ नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलणं करून द्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्या, आणि घरात फवारणीचं औषध असेल तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगून ते तिथून हलवा. ही व्यवस्था लावता येत नसेल तर हा प्रश्नसंच वापरू नका.

## टप्पा १० : मृत्यू

या वयातले मृत्यू कमी, वर्षाला हजारी एकच्या आगेमागे. सहाशे तरुणांच्या गावात वर्षभरात एखादा. त्यामुळे एका गावाचा मृत्युदर काढू नका. मागच्या पाच वर्षांतले १० ते २४ वयाचे मृत्यू नमुन्यातल्या सर्व गावांतून गोळा करा आणि छेद म्हणून पाच वर्षांची माणूस-वर्षं (माणसं गुणिले वर्षं) धरा. ग्रामपंचायतीची नोंद, आशाताईंची वही आणि घरोघरची विचारपूस अशा तीन ठिकाणांहून नावं जुळवा. कारण विचारताना 'पोटात दुखून', 'औषध चुकून पिऊन' अशी उत्तरं येतील. बाळंतपणात गेलेली, मोटारसायकलवरून पडलेला, विहिरीत बुडालेली, साप चावलेला, विष घेतलेला: सावकाश, वेगळ्या दिवशी, एकाच अनुभवी माणसाने विचारायचं. सोबत कॉलेजची सहा पोरं नकोत.

## टप्पा ११ : हिशेब

आधी तीन आकडे मांडा: निवडलेले किती, भेटलेले किती, मोजलेले किती. मुली-मुलगे, वयोगट, शाळेत-शाळेबाहेर, स्थलांतरित-स्थानिक असं तोडून दाखवा. हा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानावर हवा, परिशिष्टात नको.

मग वजन देणं. समजा चोपड्यासारख्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे २० टक्के लोकसंख्येचे आहेत, पण त्यांचं वेगळं चित्र हवं म्हणून तुम्ही निम्मा नमुना तिथून घेतला. पाड्यांत रक्तक्षय ६० टक्के, सपाटीवर ४० टक्के निघाला. सरळ सरासरी ५० येईल आणि ती चूक. बरोबर हिशेब: ०.२ गुणिले ६० अधिक ०.८ गुणिले ४०, म्हणजे ४४. सहा टक्क्यांचा फरक फक्त हिशेबाचा.

प्रत्येक टक्केवारीला मर्यादा जोडा. ६०० पैकी २४० म्हणजे ४० टक्के, पण झुबक्यांचा दीडपट परिणाम धरला तर ते ३५ ते ४५ मध्ये कुठेही असू शकतं. पुढच्या वर्षी ३७ आले तर ढोल वाजवू नका. एपी इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर झुबक्यांचा हिशेब करतं. त्यात साधी टक्केवारी आणि 'कॉम्प्लेक्स सॅम्पल' असे वेगळे पर्याय आहेत. दुसरा निवडा.

सावध: बावीस जणांवरून एका गावाची टक्केवारी काढून गावांची क्रमवारी लावू नका. वर्तमानपत्रवाले नेमकं तेच मागतील.

## टप्पा १२ : गावाला परत सांगणं आणि कागद जपणं

ज्याची तपासणी झाली त्याला उंची, वजन आणि हिमोग्लोबिनची चिठ्ठी त्याच दिवशी द्या. उपचार लागणाऱ्यांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्याला सहीनिशी पोहोचवा आणि महिन्याने त्यातले किती दवाखान्यात पोहोचले ते विचारा. तालुक्याचा निष्कर्ष ग्रामसभेत सांगा, नावं आणि पाडे न घेता.

नावांचा कागद आणि उत्तरांचा कागद वेगळ्या कुलपात, दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक. व्हॉट्सॲप गटावर भरलेल्या फॉर्मचे फोटो टाकायचे नाहीत, "सर, हे बघा" म्हणूनसुद्धा नाही. निवडलेल्या गावांची यादी, चिठ्ठीने निघालेली पहिली संख्या, पाड्यांचे हाताने काढलेले नकाशे आणि राहणाऱ्याचा तुमचा नियम एका फायलीत घालून महाविद्यालयात ठेवा. तीन वर्षांनी दुसरं पथक याच तालुक्यात उतरेल तेव्हा ते सगळ्यात आधी हीच फाईल मागेल.